कपड्यांच्या खोलीतली शांतता

मुलाखत संपली की कानसेन सगळ्यांना गप्प बसवत. "आता कुणी हलायचं नाही, खोकायचं नाही. जरा खोलीला बोलू द्या," असं म्हणून ते यंत्र चालूच ठेवत. नवख्या माणसाला वाटे, म्हातारा थोडा सटकलाय. मंत्री असो की भाजीवाली, सगळे शाळेतल्या पोरांसारखे हाताची घडी घालून बसत. मग कुणाला तरी हसू फुटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

त्यात वेडेपणा काही नव्हता. मुलाखतीतलं एखादं वाक्य कापलं की तिथे भोक पडतं. पडलेल्या दाताची जागा जिभेला कळते, तसं ते भोक कानाला कळतं. ते बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते, दुसऱ्या खोलीची चालत नाही. कारण खोली रिकामी असली तरी गप्प नसते. कुठे पंखा असतो, कुठे खालचा रस्ता, कुठे नुसत्या भिंतीच, पण त्यांचाही एक सूर असतो. कानसेनांचं सगळं आयुष्य या कामात गेलं होतं. त्यांचं खरं नाव रेडिओ केंद्राच्या हजेरीपटाबाहेर कुठे उरलं नव्हतं. फोन उचलूनही ते "कानसेन बोलतोय" असंच म्हणत.

केंद्रावरच्या बातमीदार ताई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांना एक बातमी लागली होती. शहराबाहेरच्या एका मोठ्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना संध्याकाळीच झोपेच्या गोळ्या देऊन आडवं करतात, म्हणजे रात्रपाळीला माणसं कमी पुरतात. तिथे काम करणारी एक मावशी बोलायला तयार झाली होती. पण तिला बाहेर येता येत नव्हतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कोण कुठे जातं यावर तिथे नजर असे. म्हणून ताई आणि कानसेन भेटीच्या वेळात, कुणाचे तरी नातेवाईक असल्यासारखे, फळांची पिशवी घेऊन आत गेले. फळांच्या खाली यंत्र होतं.

मावशीने त्यांना धुतलेल्या चादरींच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. मांडणीवर छतापर्यंत चादरी रचलेल्या होत्या. खोलीला साबणाचा आणि दमट कापडाचा वास होता. असं कापड आवाज गिळतं, त्यामुळे ध्वनिमुद्रणाला ती खोली फार चांगली. कानसेन खूश झाले.

"माझा आवाज माझ्या पोरीलासुद्धा ओळखू येता कामा नये," मावशी म्हणाली. "कामाला लागताना सही घेतलीय आमची. आतलं बाहेर बोलायचं नाही. बोललं तर नोकरी जाईल ती जाईल, वर खटला."

"तुम्हाला स्वतःलाही ओळखू येणार नाही," कानसेन म्हणाले. "ऐकाल तेव्हा म्हणाल, ही कोण बया इतकं खरं बोलतेय!"

"पुरुषाचा नका करू हं आवाज. बोलायचं आम्ही आणि शाबासकी कुणा मेल्याला!"

ताई हसल्या, मावशीही हसली, आणि मग ती बोलली. भराभर, पण काही न गाळता. गोळी कुणाला किती, ती कशात कुस्करतात, कोणते नातेवाईक विचारतात आणि त्यांना काय सांगायचं ठरलेलं आहे. एक आजी दुपारीही उठेनाशा झाल्या तेव्हा डॉक्टरांऐवजी मॅनेजरला कसं बोलावलं, हेही. बोलणं संपल्यावर कानसेनांनी नेहमीसारखं बोट ओठांवर ठेवलं. तिघं उभे राहिले. भिंतीतून गरम पाण्याचा पाइप गेला होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला असावा. पाइपने दोन ठोके दिले आणि कण्हल्यासारखा एक लांब आवाज काढला. मग सगळं शांत झालं. कानसेनांनी मान डोलावली. फार सुरेख शांतता मिळाली होती.

केंद्रावर त्यांनी मावशीचा आवाज बदलला. नुसता जाड केला नाही, बोलण्याची लय मोडली, श्वास काढले, तिची "म्हणजे बघा" म्हणायची सवय काढली. मग त्याच दिवशी मूळ आवाज पुसून टाकला. असा आवाज ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम होता. कापलेल्या जागी मात्र त्यांनी त्या खोलीची शांतता भरली. ताईंनी ऐकून सांगितलं, "अगदी तिथेच उभं असल्यासारखं वाटतंय."

कार्यक्रम गाजला. लोकांनी केंद्रावर फोन केले. कुणी रडलं, कुणी आश्रमात ठेवलेल्या आईला घरी घेऊन आलं. सरकारी अधिकारी चौकशीला जाऊन आले. आणि मग आश्रमाने बदनामीचा दावा ठोकला.

केंद्राचे संपादक निर्धास्त होते. त्या देशातल्या कायद्याप्रमाणे पत्रकाराला बातमी कुणी दिली हे सांगायची सक्ती करता येत नसे. "ताई सांगणार नाहीत. कुणी काही करू शकत नाही," असं ते सगळ्यांना सांगत फिरले. पण समन्स ताईंच्या नावाने आलंच नाही. ते आलं कानसेनांच्या नावाने.

केंद्राची वकील होती ती सगळ्यांची वकीलबाई. तिने कानसेनांना आपल्या कार्यालयात बोलावलं, खुर्ची दिली आणि सरळच सांगितलं.

"कायद्यात पत्रकार म्हणजे बातमी मिळवणारा आणि लिहिणारा. तुम्ही दोन्ही करत नाही. तुमच्या ओळखपत्रावर काय आहे?"

"ध्वनितंत्रज्ञ."

"तेच. ते संरक्षण तुम्हाला नाही. एखाद्या दुकानात चोरी होताना बघणाऱ्या माणसाला जसं बोलवतात, तसंच तुम्हाला बोलावलंय."

"मी नाव सांगणार नाही. बसेन तुरुंगात. तिथली शांतता ऐकायची राहिलीच आहे."

वकीलबाई हसली नाही. "ते नाव विचारणारच नाहीयेत, कानसेन." तिने टेबलावरचा संगणक त्यांच्याकडे वळवला आणि कार्यक्रमाचा एक तुकडा लावला. मावशीचा अनोळखी आवाज थांबला. मागे दोन ठोके पडले, मग कण्हणं.

"आश्रमाच्या मॅनेजरची खोली त्या भिंतीच्या पलीकडे आहे. हा पाइप तो रोज ऐकतो. आश्रमात दुसरीकडे कुठेही तो असा वाजत नाही. चादरींच्या खोलीची किल्ली तिघींकडे असते, आणि कार्यक्रमाआधीच्या आठवड्यात दोघी रजेवर होत्या."

कानसेनांनी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. नंतर आणखी एकदा. आवाज लपवण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं, श्वाससुद्धा सोडले नव्हते. आणि मग तिचा पत्ता त्यांनी स्वतःच्या हाताने, काळजीपूर्वक, जागोजागी लावून ठेवला होता. दुसरा कुणी कच्चा माणूस असता तर भोकं तशीच ठेवली असती. मग मावशी सुरक्षित राहिली असती.

"मग ते मला काय विचारणार?"

"एवढंच. ही शांतता त्याच खोलीतली आहे, की तुम्ही दुसरीकडून आणून जोडली? तिथली आहे म्हणालात, तर मावशी सापडली. गप्प बसलात, तर न्यायालय ते उत्तर 'हो' असंच धरेल, आणि अवमान केला म्हणून तुम्हाला आत टाकेल ते वेगळं."

"आणि दुसरीकडून आणली म्हणालो तर?"

"मी काहीही सुचवत नाही," वकीलबाई सावकाश म्हणाली. "मी फक्त रस्ते दाखवतेय. आश्रमाबाहेर असे पाइप हजार इमारतींत वाजतात, त्यामुळे तसं म्हणालात तर मॅनेजरच्या हातात काही उरत नाही. पण मग समोरचा वकील विचारेल, शांतता खोटी लावली, तर आवाज खरा कशावरून? मूळ आवाज तुम्ही पुसलाय. तो कार्यक्रम तिथेच संपला."

मावशीला विचारायची सोय नव्हती. तिला फोन केला असता किंवा कुणाला तिच्याकडे पाठवलं असतं, तर तोच पुरावा झाला असता. जे काही ठरवायचं ते कानसेनांना तिच्यावाचून ठरवायचं होतं.

ताई त्यांना जिन्यात भेटल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कानसेन, खोटं बोलू नका. हात जोडते. ती माणसं अजून आत आहेत."

"आणि मावशी?"

"धोका आहे हे मावशींना माहीत होतं."

"त्यांना सांगितलेला धोका वेगळा होता, ताई. आवाज मी लपवीन असं सांगितलं होतं मी."

ताईंच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'पत्रकार' हा शब्द होता. बोलता बोलता त्यांनी ते उलटं करून धरलं होतं, हे कानसेनांना दिसलं. त्यांना ताईंचा राग आला नाही.

घरी त्यांची नात होती. एका जागी बसत नसे म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. शाळा सुटली की आई कामावरून येईपर्यंत ती आजीआजोबांकडेच असे. त्या दिवशी ती मटार सोलत होती, म्हणजे अर्धे भांड्यात आणि अर्धे तोंडात. कानसेन तिच्यासमोर बसले आणि सोलू लागले. ती विचारी आणि ते सांगत. तिचा कोणताही प्रश्न ते उडवून लावत नसत.

"म्हणजे ताईंना गुपित ठेवता येतं आणि तुम्हाला नाही?"

"नाही."

"पण गुपित तर एकच आहे."

"गुपित एकच आहे. कायदा गुपिताला विचारत नाही, ते कुणाच्या खिशात आहे ते बघतो."

"मग तुम्ही तुमच्या कार्डावर पत्रकार लिहून घ्या."

"आता लिहिलं तर म्हणतील, भिऊन लिहिलं."

भिंगरीने एक शेंग उघडली, ती रिकामी निघाली. ती टाकून तिने दुसरी घेतली. "कायदा कुणी केला? त्याला रेडिओ ऐकू येत नव्हता का?"

स्वयंपाकघरातून आजी म्हणाली, "अहो, तिला काय समजावता? मला समजवा. सांगून टाका ना, दुसरीकडचा आवाज आहे म्हणून. आयुष्यभर खरं बोलून कुठे दिवे लावलेत?"

"खोटं बोललो तर तो कार्यक्रम खोटा ठरतो गं."

"कार्यक्रम नवा होईल. ती बाई कुठून आणाल?"

कानसेन पुन्हा शेंगांकडे वळले. त्यांनी बरेच मटार सोलले.

न्यायालयाची खोली लहान होती. पंखा फिरताना दर फेरीला कुरकुरत होता. कानसेनांच्या मनात सवयीने येऊन गेलं की हिची शांतता घेता येणार नाही. न्यायाधीश थकल्यासारखे दिसणारे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी साक्षीदाराला पाणी हवं का विचारलं. आश्रमाच्या वकिलांनीही आवाज चढवला नाही.

"आपण किती काळजीपूर्वक काम करता हे आम्ही ऐकलंय," ते वकील म्हणाले. "मला फक्त एवढंच सांगा. या कार्यक्रमात मागे जो आवाज येतो, पाइपचा, तो मुलाखत झाली त्याच खोलीतला आहे?"

मॅनेजर मागच्या बाकावर बसला होता. त्याच्या शेजारी आश्रमातली काही माणसं होती, त्यांना साक्ष ऐकायला आणलं होतं. त्यात मावशी होती. तिने केस नीट विंचरले होते आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. कानसेनांनी तिच्याकडे न बघायचं ठरवलं होतं, आणि ते बघितलं नाही. त्यामुळे तिने हळूच मान हलवली, ती त्यांना दिसली नाही.

"नाही," कानसेन म्हणाले.

"मग कुठला?"

"माझ्याकडे असे आवाज बरेच साठवलेले असतात. मला तो बरा वाटला. मी जोडला."

"म्हणजे श्रोत्यांनी जे ऐकलं ते तिथलं नव्हतं."

"नव्हतं."

"आवाज बदललेला. शांतता दुसरीकडची. मूळ मुलाखत पुसलेली." वकिलांनी क्षणभर वाट पाहिली. "मग यातलं आश्रमातलं नेमकं काय होतं?"

वकीलबाईने हरकत घेतली. न्यायाधीशांनी ती मान्यही केली. पण प्रश्न सगळ्यांनी ऐकला होता.

त्यानंतर फार काही व्हायचं राहिलं नव्हतं. केंद्राने तडजोड केली. संपादकांनी स्वतःच्या आवाजात माफी वाचली, शब्द आश्रमाच्या वकिलांनी लिहून दिले होते. चौकशी बंद झाली. केंद्राचा परवाना वाचावा म्हणून कुणाला तरी काढणं भाग होतं, तेव्हा कानसेनांना काढलं. निरोपाचा चहासुद्धा कुणाला सुचला नाही. ताई त्यांच्याशी पुन्हा बोलल्या नाहीत. एकदाच, रस्त्यात, समोरासमोर आल्या तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही माझी बातमी मारलीत हे मी विसरू शकत नाही. आणि मीही तेच केलं असतं का, हे मला कळत नाही." आणि पुढे निघून गेल्या.

कानसेनांना वाटे, निदान एक तरी गोष्ट टिकली. मावशीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही.

ती आली तेव्हा दुपार होती. भिंगरीने दार उघडलं आणि आत ओरडली, "आजोबा, एक मावशी आल्यात!" मावशी खुर्चीच्या कडेवर बसली. आजीने पाणी दिलं, ते तिने घेतलं. कुशल विचारून झालं. मग कानसेनांनी विचारलं, "नोकरी आहे ना?"

"आहे. मॅनेजरला वाटतं आमच्यातलं कुणी नव्हतंच, म्हणून तर पाळीआधी बाहेर पडता येतं आता. तुम्ही तसं सांगितलंत ना."

"मग बरं झालं."

मावशीने पेला खाली ठेवला. "मी मान हलवत होते. तुम्ही बघितलंच नाहीत."

"कधी?"

"कोर्टात. सांगा, म्हणत होते मी. सांगून टाका. मी तयार होऊन आले होते. पोरीला बहिणीकडे ठेवून आले होते."

कानसेन तिच्याकडे बघत राहिले. भिंगरी दाराशी उभी होती. आजीने तिला आत बोलावलं, पण ती हलली नाही.

"तुमची ती माफी त्यांनी छापून दर्शनी भिंतीवर लावलीय," मावशी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. कामाची माहिती द्यावी तसं ती सांगत होती. "नातेवाईक येतात, वाचतात. हायसं वाटून घरी जातात. पूर्वी एखादा तरी विचारायचा, आई एवढी झोपाळू का झाली. आता कुणी विचारत नाही. आणि गोळ्या आता माझ्याकडेच दिल्यात. विश्वासाची बाई म्हणून. देताना मॅनेजर शेजारी उभा राहतो."

"मावशी..."

"एक आजोबा आहेत, मास्तर होते कुठेतरी. त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. ते परवा विचारत होते, अगं, ते सांगत होते ते खरं का? मॅनेजर तिथेच होता. मी म्हटलं, नाही आजोबा, खोटं होतं ते. घ्या, पाणी घ्या."

मग कानसेन उठले. "मी जातो कोर्टात. सांगतो, तेव्हा खोटं बोललो म्हणून. जी शिक्षा होईल ती होईल."

"वकीलबाईंना विचारलंत?"

त्यांनी विचारलं होतं. एकदा नाही, बऱ्याचदा. वकीलबाईने सांगितलं होतं, जो माणूस आज म्हणतो की मी काल खोटं बोललो, त्याचं आज खरं धरायला कुणी बांधलेलं नसतं. तिने हे समजावून सांगितलं होतं, अगदी हळू, जसं ते स्वतः भिंगरीला सांगत. मावशीला हे त्यांनी सांगितलं नाही. पण तिने त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं.

"मी स्वतः जाऊन सांगितलं तर?" ती म्हणाली. "मी बोलले होते, असं?"

"आवाज तुमचाच होता हे दाखवायला काही उरलेलं नाही. मीच काही ठेवलेलं नाही."

मावशीने मान हलवली, जसं काही हे तिला वाटेतच सुचलं होतं आणि फक्त एकदा कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. तिने पदर सारखा केला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"निघते. संध्याकाळची पाळी आहे. गोळ्यांना उशीर झालेला चालत नाही."

"बसथांब्यापर्यंत येतो मी."

"नका येऊ," ती म्हणाली. "कुणी एकत्र बघितलं तर? तुमचं खोटं तरी टिकू दे."

तिने भिंगरीच्या गालाला हात लावला, बाहेर गेली आणि दार आपल्या हाताने ओढून घेतलं. कानसेन आतल्या बाजूला चपला घालून उभे होते.